कैद्याने बोलायचं नाही

‘एकटाच’ हा शब्द प्रज्ञेशने जीभ कुठेही न अडखळता वाचला आणि तो पुढच्या वाक्याकडे गेला. बबिताने मान वर केली नाही. तिच्यासमोर सव्विसावं कार्ड होतं, खिंडीत जकात घेणारा म्हातारा, वरदानं तीन, दोन आणि एक, ओझी चार आणि दोन, आणि बेरीज शून्य यायला हवी होती. ती उणे पाच आली. तिने परत केली. अधिक दोन. आठ महिन्यांत असं झालं नव्हतं. मंगळवार होता, सकाळचे अकरा, लोणावळ्यात तुंगार्लीच्या चढावरचा बंगला, दिवाणखान्यातलं लांब टेबल, टेबलाशी तिघं: ती, चित्रं काढणारा आकाश, आणि ज्याचा बंगला आणि ज्याचा खेळ तो प्रज्ञेश. तो नियमपुस्तकाची प्रस्तावना वाचून दाखवत होता. सोमवारी सगळं छपाईला जायचं होतं. ‘लहानपणी शनिवार-रविवार आम्ही इथे यायचो. मोठी माणसं पत्ते कुटत बसायची आणि मी एकटाच असायचो. मग मी माझं एक राज्य रचलं. उंबरखोरं. त्याच्या माच्या, त्याच्या खिंडी, त्याचे कायदे...’ आकाश म्हणाला, “बास. काटा आला बघ,” आणि खरंच बाही सरकवून त्याने हात दाखवला. “बबिता, तुला?” प्रज्ञेशने विचारलं. ती म्हणाली, “एक शब्द बघायला हवा.” “कुठला?” “राहू दे. नंतर बघू.” म्हातारा तिच्या हातात तसाच होता, उणे पाच आणि अधिक दोन यांच्या मध्ये कुठेतरी, खिंडीत.

खेळ असा. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकाने एक कार्ड उचलायचं, त्यावर एक माणूस. एकजण सूत्रधार होतो, गोष्ट सांगतो, समोर काय दिसतंय ते सांगतो, आणि बाकीचे आपापला माणूस होऊन बोलतात, चालतात, फासे टाकतात. पण गोष्ट सुरू होण्याआधी त्या माणसाचं काहीतरी झालेलं असतं. तेच कार्डावर लिहायचं असतं. त्याला ते पूर्वायुष्य म्हणत. लहानपणी कोण होता, काय मिळालं, काय गेलं. मिळालं ते वरदान, गेलं ते ओझं, आणि दोन्हींची बेरीज शून्य. नाहीतर एकच माणूस पहिल्या तासात सगळ्यांवर बसतो आणि बाकीचे मोबाइल बघू लागतात. हे शून्य आणणं बबिताचं काम. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आधी ती तळेगावच्या कारखान्यात सुट्या भागांची वजनं तपासायची, मग लोणावळ्यात एका कॅफेत पर्यटकांना खेळ शिकवायची; तिथेच एका दुपारी प्रज्ञेश आपली कच्ची कार्डं घेऊन आला आणि तिने कपबशा उचलता उचलता सांगितलं, “हा सरदार काढा. हा कुणीही घेतला तरी जिंकतो.” तो हसला. म्हणाला, “अहो-जाहो नको. प्रज्ञेश म्हण.” तिने त्या नावाकडे बघितलं. त्याच्या डाव्या भुवईतली तुटकी रेघ बघितली, जी तिच्याच हातून सुटलेल्या काठीने झाली होती, आणि त्या वेळी तिला त्याला ‘धाकटे दादा’ म्हणावं लागायचं, तो तिच्याहून तीन महिन्यांनी लहान असूनही. त्याने मात्र तिच्याकडे बघितलं तर त्याला एक हुशार मुलगी दिसली, बस्स. नोकरी घ्यायची की नाही हा प्रश्नच आला नाही. तिला बघायचं होतं त्याला ओळखायला किती दिवस लागतात. पहिला आठवडा. पहिला महिना. आठ महिने ती त्याच बंगल्याच्या त्याच फरशीवर रोज चप्पल काढत होती, खिडकीतून तीच मागची टाकी बघत होती, आणि तो तिला विचारत होता, “तू मूळची कुठली गं? वडगावचीच का?”

पूर्वायुष्य क्र. ३१. कच्चं.
माचीचा वारस.
वरदान: घर (३). लोक आपोआप वाट देतात (२). झोप लगेच लागते (१).
ओझं: एक पाय कायमचा अधू (उणे ६).

हे तिने मंगळवारी दुपारीच लिहिलं, प्रस्तावना ऐकल्यावर तासाभरात, आणि लगेच खोडलं. अधू पायाचा माणूस टेबलावर कणव गोळा करतो. ज्याला कणव मिळते तो हरत नाही. तिला तो हरायला हवा होता. शनिवारी पुण्याहून कैलासराव येणार होते, खेळ दुकानांत पोचवणारे तेच; त्यांच्यासमोर एक शेवटचा डाव व्हायचा होता, सूत्रधार बबिता, आणि खोक्यावर प्रज्ञेशच्या खाली तिचं नाव बारीक अक्षरात छापलं जाणार होतं. आकाशने तिला ते दाखवलंही होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव कुठेतरी छापलं जात होतं आणि ते उंबरखोऱ्याच्या खाली येत होतं, जे नाव तिनेच ठेवलं होतं, टाकीमागच्या उंबरावरून. करपलेली माची तिची. फेब्रुवारीत वणवा लागून गेला की समोरचा डोंगर काळा पडायचा, त्याला ती नऊ वर्षांची असताना म्हणाली होती, “दादा, ती बघा करपलेली माची.” आंधळी टाकी तिची, कारण तिच्यात वाकून बघितलं तर आपलं तोंड दिसत नसे. हे सगळं आता आकाशच्या हातून रंगीत नकाशावर आलं होतं, नावं वळणदार अक्षरात, आणि तो नकाशा पहिल्यांदा टेबलावर उलगडला तेव्हा तिला लहानपणचा आपलाच फ्रॉक कुणा परक्याच्या अंगावर बघावा तसं झालं होतं. तरी ती गप्प बसली होती. नावं घेतली तर घेतली. खेळायला दोघं होती एवढं तरी तो कुठेतरी म्हणेल. आणि मंगळवारी तो म्हणाला, एकटाच.

स्कूटर जुन्या हायवेला लागली की वलवण, कार्ला, कामशेत, कान्हे फाटा, वडगाव. हा रस्ता तिच्या डोक्यातच निघायचा आणि डोक्यातच संपायचा. मध्ये कुठे वळलो, कुठे थांबलो याचं तिला भान नसे. त्या खोलीचं मात्र असे. बंबाची लाकडं ठेवायची खोली, बंगल्याच्या मागच्या अंगाला, पत्र्याचं दार, बाहेरून आडवी कडी. ओल्या सालींचा आणि रॉकेलचा वास. दाराच्या खाली चार बोटं फट. एकवीस वर्षांपूर्वी त्या दिवशी रविवार होता आणि ती कैदी होती. धाकट्या दादांनी तिला पकडलं होतं, हात सुतळीने बांधले होते, तेही सैलच, आणि कडी सरकवताना ते म्हणाले होते, “मी सैन्य घेऊन येतो. बोलायचं नाही. कैदी बोलला तर राज्य गेलं.” मग सैन्य आलं नाही. बराच वेळ गेल्यावर गाडीची दारं लागल्याचे आवाज आले, एक, दोन, तीन, चार, आणि गाडी उतारावरून पुण्याला गेली. तिला वाटलं हे सैन्य जमवायलाच गेले. मग आई. तिची आई चंपा, बंगल्याची धुणीभांडी करणारी, दोघी मागच्याच खोपटात राहायच्या. तिचे पाय फटीतून दिसले. भेगा पडलेल्या टाचा, जोडवी नसलेली बोटं. “चिंगे! आगं चिंगेऽ!” पाय पुढे गेले. परत आले. “कुटं उलथलीस गं? चिंगे!” पाय फटीपासून हातभर लांब उभे होते. बबिताने, जिला तेव्हा सगळे चिंगी म्हणत, बांधलेले दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. तिला हसू येत होतं. आपण राज्य वाचवतोय याचा तिला अभिमान वाटला होता. पाय गेले. आई टाकीमागच्या घळीत उतरली, जिथे पोरगी करवंदाला जायची, आणि तिथे तिचा पाय निसटला. ती रात्रभर खाली पडून होती, सकाळी सापडली. मांडीचं हाड. सोमवारी धोंडिबा माळ्याने लाकडं काढायला दार उघडलं, तर पोरगी आत बसलेली, आणि ती त्याच्याशीही बोलली नाही. त्याने दोन थोबाडीत दिल्या तरी नाही. धाकटे दादा दार उघडतील तेव्हाच सुटका, असं होतं. पुण्याहून फोनवर प्रज्ञेशचे वडील म्हणाले, “कडी वाऱ्याने लागली असणार.” आडवी कडी. ती हाताने उचलून सरकवावी लागते, आणि गंजल्यामुळे दोन्ही हातांनी.

आईला तिने सांगितलं होतं, झोप लागली होती. एकवीस वर्षं आई तेच धरून बसली होती आणि लोकांना सांगायची, “लेकराला झोप लागली हुती ओ, ती तरी काय करंल.” वडगावात बाजारामागच्या खोलीत ती पाय लांब करून बसायची, तो पाय दुमडतच नसे, आणि पायाच्या आजूबाजूला निवडायची भाजी. मंगळवारी रात्री जेवताना म्हणाली, “आज लय गप्प हायस.” “काम होतं.” “धाकटं दादा बरं हाय का? जेवतो का न्हाई नीट? लहानपनी खान्याच्या लय खोड्या. माज्या हातची भाकर मातुर खायाचा.” बबिता म्हणाली, “आये, त्याला तू आठवत पण नाहीस.” “आसंल. मोटी मान्सं,” आई म्हणाली आणि भाजीतली काडी बाजूला टाकली. तिच्या आवाजात काही नव्हतं. राग नाही, दुःख नाही, फक्त भाजी. बबिताला त्या क्षणी वाटलं की आईच्या वाटचाही सूड आपल्यालाच घ्यावा लागणार, आणि त्याचं वजन एकटीने उचलायचं.

पूर्वायुष्य क्र. ३१. चौथं कच्चं.
माचीचा वारस.
ओझं: हाका ऐकू येतात आणि कुणाच्या ते कळत नाही (उणे ३).
नको. हे माझं आहे.

पूर्वायुष्य क्र. ३१. सहावं.
माचीचा वारस. घर (३). वाट (२). झोप (१).
ओझं: बंद खोली (उणे ६). तुझ्या घरात एक खोली बंद आहे. आत कुणाला कोंडलंस ते तू विसरला आहेस. त्या दारापाशी आलास की आतल्या माणसाचं नाव सांगावं लागेल. चुकलास तर तुझी सगळी वरदानं गेली.

हे जमलं. बुधवारी संध्याकाळी जमलं, आणि तिला कारखान्यातल्यासारखं वाटलं, काटा मधोमध येऊन थरथरायचा थांबतो तसं. कारण शून्य हे कागदावरचं असतं. ओझ्याचं खरं वजन ते किती वेळा समोर येतं यावर असतं. उणे सहाचं ओझं घ्यायचं आणि त्या दारापर्यंत कधी पोचायचंच नाही, असं करून धूर्त खेळाडू फुकटात सहाची वरदानं खिशात घालतो. प्रज्ञेश हेच करणार. पण रस्ते तिच्या हातात होते. नकाशा तिने स्वतःच मांडला होता, एकदा नऊ वर्षांची असताना आणि एकदा पगार घेऊन, आणि तिला ठाऊक होतं की करपलेल्या माचीवरून कुणीही कुठेही निघालं तरी चौथ्या-पाचव्या फाशाला त्याला आंधळ्या टाकीवरून जावं लागतं, आणि टाकीसमोर ती खोली ठेवायची होती. शिवाय वाटी होती. ही पद्धत तिने कॅफेत काढली होती: पर्यटक भांडायचे की सूत्रधार ऐन वेळी उत्तर बदलतो, म्हणून असल्या गुपितांचं उत्तर तिने आधीच चिठ्ठीवर लिहून सगळ्यांदेखत वाटीखाली ठेवायचं. नंतर कुणी म्हणायला नको. तर कैलासरावांसमोर, आपल्याच बंगल्यात, आपण एकट्याने रचलेल्या राज्यात हा माणूस दारापाशी उभा राहील, एकेक नाव घेईल, चुकेल, आणि मग वाटी उचलली जाईल, आणि चिठ्ठीवर ‘चिंगी’. तेव्हा त्याचा चेहरा. तिला फक्त तो चेहरा हवा होता. बाकी काही मागायचं तिने स्वतःला बंद केलं होतं. बुधवार, गुरुवार ती स्कूटरवर तो चेहरा तयार करत होती. आधी भुवई. मग भुवईतली रेघ पांढरी पडते. मग तोंड उघडतं आणि त्यातून काही येत नाही.

शुक्रवारी कार्ला फाट्याच्या पुढे ट्रक आडवा होता, रांग लागली होती, आणि इंजिन बंद करून बसल्यावर ते आलं. हे तिला येऊ द्यायचं नव्हतं. तिने समोरच्या टेम्पोच्या पाठीवरचं वाचायला घेतलं, मग टेम्पोचा नंबर उलटा वाचला, तरी आलं. कैद्याने बोलायचं नाही, हा नियमपुस्तकातही जसाच्या तसा उतरलेला नियम कुणाचा? त्याचा नव्हता. त्याला ती पकडायची तेव्हा तो “आईऽ” म्हणून बोंबलायचा, त्याची आई पत्ते टाकून यायची आणि तो सुटायचा. दर वेळी. तिचे कैदी टिकतच नसत. मग एका शनिवारी उंबराखाली चिंगी कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, “असं न्हाई चालायचं, दादा. कैद्यानं बोलायचं न्हाई. बोलला तर राज्य गेलं. दोगांचं बी.” त्याला पटलं होतं. तो म्हणाला होता, “बरं.” म्हणजे त्याने कडी घातली आणि तो विसरला; पण हाक आली तेव्हा तोंड जिने दाबलं ती, आणि दाबायला लावणारी ती, एकच. हे कुठल्या रकान्यात? उणे किती? ट्रक हलला, मागून हॉर्न वाजले, कुणीतरी ओरडलं, “ओ ताई, निघा की! झोप लागली का?” तिने किक मारली. झोप लागली का. तिला त्या माणसाला स्कूटरवरून उतरून मारावंसं वाटलं. आणि तिच्या लक्षात आलं की राग जराही कमी झालेला नाही. उलट आता त्याला धरायला दोन माणसं होती.

कैलासराव शनिवारी बाराला आले, बरोबर त्यांची मुलगी प्रेरणा, कॉलेजात शिकणारी, नियमपुस्तक येतानाच वाचून काढलेली. कैलासराव मोठ्या पोटाचे, मोकळ्या आवाजाचे. आल्या आल्या त्यांनी बूट काढले आणि खुर्चीवर मांडी घातली. “आम्ही मूळचे इंदुरीचे,” ते बबिताला म्हणाले. “किल्ल्यात खेळायचो चोर-शिपाई. मला पकडून बुरुजाखाली बसवायचे. मी काय करायचो? गुपचूप घरी जायचो, जेवायचो, थोडा झोपायचो, आणि परत येऊन कैदेत बसायचो. शिपायांना पत्ताच नाही!” सगळे हसले. बबिताही हसली, पण तिचं हसू मध्येच कुठेतरी अडकून तसंच राहिलं, चेहऱ्यावर, काढायचं विसरलेलं. जेवून यायचं. एवढं सोपं होतं. शालूबाईंनी, ज्या आता बंगल्याचा स्वयंपाक करायच्या, कांदाभजी आणून ठेवली आणि टेबलावरचे फासे बघून विचारलं, “सारीपाट का काय?” “त्याच्याहून अवघड, मावशी,” आकाश म्हणाला. “मग खावा आदी,” त्या म्हणाल्या.

कार्डं मांडली. प्रेरणाने वैदूची पोर घेतली, आकाशने जकातवाला म्हातारा, कैलासरावांनी “पळपुटा शिपाई, हा माझाच भाऊ” म्हणून पळपुटा शिपाई. प्रज्ञेशने एकतिसावं कार्ड उचललं, नवीन होतं म्हणून, वाचलं, आणि त्याचा चेहरा उजळला. “बंद खोली! वा. बबिता, हे कधी केलंस? हे एकदम... हे पुस्तकाच्या कव्हरवर हवं.” तिने चिठ्ठी लिहिली, दोनदा घडी घातली, सगळ्यांदेखत वाटीखाली ठेवली. तिची अक्षरं नेहमीसारखीच आली. मग ती गोष्ट सांगू लागली, आणि सांगताना नेहमी व्हायचं तसं झालं, तिचा आवाज बदलला, खाली गेला, टेबलाच्या कडा धूसर झाल्या. करपलेल्या माचीवर काळं गवत पायाखाली मोडत होतं. प्रज्ञेश छान खेळायचा, हे तिला नाकारता येत नव्हतं. लहानपणीही छान खेळायचा. त्याने म्हाताऱ्याला पाणी दिलं, वैदूच्या पोरीला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला, शिपायाला टोमणे मारले, “शिपाई, पळायची दिशा तरी सांगून ठेव.” कैलासराव खूश होते. पाचव्या फाशाला आंधळी टाकी आली. बाहेर चार वाजले असावेत. खिडकीच्या काचेत ऊन तिरपं होऊन खरी टाकी दिसत होती, शेवाळलेली, आणि तिच्यापलीकडे पत्र्याचं दार, ज्याच्यामागे आता गॅसची रिकामी सिलिंडरं ठेवत.

“समोर खोली आहे,” ती म्हणाली. “पत्र्याचं दार. बाहेरून कडी. दाराखाली चार बोटं फट आहे. फटीतून कुणाचा तरी श्वास ऐकू येतो.” कुणी भजी खात नव्हतं. “वारसा, आत कोण आहे?”

प्रज्ञेशने डोळे मिटले. तिने ते डोळे बघितले, भुवई, रेघ. आता. तीन दिवस शिवत आणलेला चेहरा आता त्याला घालायचा होता. तळवे तिने टेबलावर पालथे ठेवले होते. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, “चिंगी.”

सहज. ‘एकटाच’ जितक्या सहज आला होता तितक्याच सहज हाही आला.

“हे कुठून काढलं?” कैलासराव म्हणाले.

“असंच. सुचलं. या भागातलं वाटतं ना नाव? चिंगी.”

आकाशने वाटी उचलली, चिठ्ठी उलगडली, बघितली. त्याने ती टेबलाच्या मधोमध ठेवली. प्रेरणा किंचाळली. कैलासरावांनी मांडीवर थाप मारली, “अरे काय बोलताय काय! ठरवलं होतं का तुम्ही?” “शप्पथ नाही!” प्रज्ञेश हसत होता, उठून उभा राहिला होता, हात वर करून. “टेलिपथी! बबिता, आपण दोघं म्हणजे...” वरदानं शाबूत. घर तीन, वाट दोन, झोप एक. नियमाप्रमाणे दार उघडलं. त्याच्याकडे तिचं नाव होतं, इतकी वर्षं होतं, कुठल्यातरी खिशात जुनं तिकीट सापडावं तसं, आणि त्याने ते काढून टेबलावर टाकलं आणि जिंकला. ते कुणाचं आहे हे त्याला बघावंही लागलं नाही. तिने इतका विचार केला होता, सहा कच्ची कार्डं, आणि हे एक तिने मोजलंच नव्हतं, की तो विसरूनही बरोबर असू शकतो.

“मग?” प्रेरणा म्हणाली. “ती बाहेर येते ना? काय करते ती?”

कैदी काय करतो ते सूत्रधाराने सांगायचं असतं. सगळे तिच्याकडे बघत होते. ती मान हलवू शकली असती. कैदी गप्पच राहतो, वारसाच्या मागे चालू लागतो, डाव पुढे जातो, सोमवारी छपाई, खोक्यावर बारीक अक्षरात नाव. गप्प बसणं तिला येत होतं; त्यात तिच्याहून पटाईत कुणी नव्हतं. तिने खिडकीकडे बघितलं. फटीपाशी पाय उभे होते, भेगाळलेल्या टाचा, हातभर लांब, आणि ते अजून गेले नव्हते. एकवीस वर्षं ते तिथेच उभे होते.

“आये,” ती ओरडली. “आये! मी हितं हाय!”

तिला वाटलं होतं त्याहून तो आवाज फार मोठा होता. काच थरथरली. वाटी कलंडली आणि गोल फिरत राहिली. स्वयंपाकघरातून पावलं धावत आली. शालूबाई, हात पिठाचे, दारात. “कोन वरडलं? पोरगी कुटं हाय? कोन पोरगी हाय ती?” त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी प्रेरणा बोलली, पुस्तक उघडं धरून, हळू, जणू तिला हे वाचणं भाग होतं. “कैदी बोलला. पान एक्केचाळीस. कैदी बोलला तर राज्य गेलं. सगळ्यांची कार्डं पालथी.” तिने आपलं कार्ड पालथं केलं. आकाशने केलं. कैलासरावांनीही केलं आणि ते मांडी मोडून नीट बसले. “हा नियम,” ते प्रज्ञेशला म्हणाले, “तुमचा?”

“माझा. म्हणजे...” प्रज्ञेश म्हणाला. तो अजून उभाच होता. त्याने चिठ्ठीकडे बघितलं, मग खिडकीकडे, टाकीकडे, टाकीपलीकडे. त्याचा हात वर गेला आणि बोट डाव्या भुवईवर जाऊन थांबलं. “दोगांचं बी,” तो म्हणाला. तसाच, तिच्या तेव्हाच्या बोलीत, आणि ते आपल्या तोंडून ऐकून दचकला. “बबिता. ती लाकडांची... तेव्हा मी परत... नाही, आम्ही निघालो, बाबांनी हॉर्न दिला...”

तो चेहरा आला होता. तिने शिवलेल्यासारखा नव्हता, बराच साधा होता, शाळेत विचारल्यावर उत्तर न येणाऱ्या मुलासारखा. तिने तो बघितला. पुरेसा बघितला. मग तिने फासे डबीत टाकले, कार्डं गोळा केली, एकतिसावं वेगळं काढून चिठ्ठीवर ठेवलं आणि त्याच्याकडे सरकवलं. प्रस्तावनेचा कागद तिच्या फाइलीत होता. ‘एकटाच’खाली तिने मंगळवारीच पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती, तोही कागद तिने त्या दोन्हींवर ठेवला. कैलासरावांनी विचारलं, “ताई, हे काय प्रकरण आहे?” ती म्हणाली, “यांना विचारा. यांना आठवतंय आता.”

चप्पल घालून ती बाहेर आली आणि दिवाणखान्याचं दार तिने ओढून घेतलं. त्यालाही बाहेरून आडवी कडी होती, पितळेची, रोज पुसलेली, एका हाताने सरकणारी. आत चौघं होती, मागचं दार सताड उघडं होतं, शालूबाई होत्या; कुणी कोंडलं जाणार नव्हतं. तिने ती तरीही घातली. वाऱ्याने लागली असं म्हणता येईल.

“चिंगी!” आतून हाक आली. दार हललं. “चिंगी, ऐक. ऐक ना!”

ती दारापासून हातभर लांब उभी राहिली. घरी जाऊन आईला सांगायचं होतं, झोप लागली नव्हती. ते पहिलं वाक्य कसं असेल ते तिला सापडत नव्हतं, आणि ते सापडेपर्यंत दुसरं कुठलंही वाक्य तोंडात यायला नको होतं. हाक परत आली, या वेळी जवळून, दाराला तोंड लावून मारल्यासारखी. आता कुठलाच नियम उरला नव्हता. ती बोलली नाही.